वयाची अट नसलेलं काम

बांगुनमध्ये भात आणि प्लास्टिक एकाच रस्त्यावर वाळत घालतात. भाताखाली ताडपत्री असते, प्लास्टिकखाली काही नसतं, एवढाच फरक. गाव पूर्व जावातल्या मोजोकर्तो जिल्ह्यात, पुंगिंग तालुक्यात आहे. सुराबायाहून गाडीने तास-दीड तास लागतो. ट्रकांच्या मागे अडकलात तर किती लागेल ते सांगता येत नाही. दक्षिणेकडे पनांगुंगान डोंगर दिसतो. मधे एक सुबक शिखर, भोवती लहान टेकड्या. देवांनी मेरू पर्वत जंबुद्वीपातून जावात आणला तेव्हा त्याचा शेंडा इथे पडला, अशी जुनी कथा आहे. डोंगराच्या उतारावर इस्लामपूर्व काळातल्या देवस्थानांचे अवशेष अजून पसरलेले आहेत. पायथ्याशी मात्र न्गोरोची औद्योगिक वसाहत आहे, आणि गावातल्या तरण्या पोरांना डोंगरापेक्षा तिच्या शिफ्टच्या वेळा जास्त पाठ आहेत.

सुराबाया हे जकार्ताखालोखाल देशातलं सर्वांत मोठं शहर. त्याचा उद्योग महापालिकेच्या हद्दीपाशी संपत नाही. सरकारी नियोजनात ग्रेसिक, बांगकालान, मोजोकर्तो, सुराबाया, सिदोआर्जो आणि लामोंगान हा सगळा एकच पट्टा धरतात आणि सहाही नावांचे तुकडे जोडून त्याला गरबांगकर्तोसुसिला म्हणतात. इंडोनेशियन सरकारला अशा जोडनावांची हौस आहे, आपण हसायचं नाही. या पट्ट्यात भारतीय तंत्रज्ञ नवे नाहीत. लक्ष्मी मित्तल यांचा परदेशातला पहिला पोलाद कारखाना १९७६ मध्ये सिदोआर्जोतच उभा राहिला. कापड, पोलाद, रसायनं, कागद अशा धंद्यांतून आपली माणसं तिथे येत-जात राहिली. मी कागदातली. सुरुवात विदर्भात बांबूच्या लगद्यावर, मग गुजरातेत रद्दीवर चालणाऱ्या मिलमध्ये, आणि २०१६ मध्ये पूर्व जावातल्या एका मिलच्या कच्च्या मालाच्या यार्डात. मिलचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. मी जे पाहिलं ते त्या भागातल्या बऱ्याच मिलमध्ये दिसलं असतं.

यार्डातलं माझं काम म्हणजे आलेल्या रद्दीची पारख. सुराबायाच्या तांजुंग पराक बंदरातून कंटेनर यायचे. आत तारांनी आवळलेले रद्दीचे गठ्ठे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कुठकुठले. त्यातले काही गठ्ठे आम्ही तार कापून मोकळे करायचो, ओलावा मोजायचो आणि कागद सोडून जे काही निघेल ते हाताने निवडून वजन करायचो. पुठ्ठ्याचे गठ्ठे साधारण स्वच्छ असत. मिश्र रद्दी म्हणून जे यायचं त्यात मात्र दुधाच्या बाटल्या, ब्रेडच्या पिशव्या, चपला, खेळणी, कधी वापरलेले डायपर. दूरच्या कुठल्यातरी घरात कचऱ्याचा एकच डबा असतो. त्यातला कागद वेगळा काढायचं काम तिथल्या यंत्राने अर्धवट केलेलं असतं. उरलेलं आमच्याकडे.

हे गठ्ठे पल्परमध्ये जातात. पल्पर म्हणजे पाण्याने भरलेली मोठी टाकी, तळाशी फिरणारं पातं. कागद पाण्यात फुटतो, त्याचे तंतू सुटे होतात आणि चाळणीतून पुढे जातात. प्लास्टिक फुटत नाही. ते तारेभोवती गुंडाळलं जातं, चाळण्यांवर अडकतं आणि शेवटी काळपट, ओलं, गुंतवळ्यासारखं बाहेर पडतं. मिलच्या ताळेबंदात ही नुसती घट असते. ती साठवायला जागा लागते, वाहून न्यायला पैसे लागतात. म्हणून मिलच्या आसपासच्या गावांतले लोक ती ट्रकने घेऊन जातात याला मिलमध्ये कुणाची हरकत नसे. मिलला आपण गावाला मदत करतो असं वाटायचं आणि गावाला आपण स्वस्तात माल उचलतो असं.

१ जानेवारी २०१८ला चीनने परदेशी घरगुती प्लास्टिक आणि न निवडलेली कागदाची रद्दी घेणं बंद केलं. तोवर जगाच्या रद्दीचा मोठा वाटा तिकडे जात होता. दार बंद झाल्यावर तो माल मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, भारत आणि इंडोनेशियाकडे वळला. यार्डात मला ते आकडा बघण्याआधी डोळ्यांनीच कळलं. गठ्ठ्यांचा रंग बदलला. पूर्वी तपकिरी पुठ्ठ्यात अधूनमधून रंगीत काहीतरी दिसायचं, आता रंगीत ढिगात पुठ्ठा शोधावा लागे. रद्दीचा भाव उतरला आणि खरेदी खातं खूश झालं.

मी बांगुनला गेले ती याच भानगडीत. एका पुरवठादाराच्या मालात ठरल्यापेक्षा फारच जास्त प्लास्टिक निघालं होतं आणि मिलला त्याच्याकडून भरपाई मागायची होती. त्यासाठी माल कुठून आला, त्यात काय होतं, याचा पुरावा हवा. पण गठ्ठे पल्परमध्ये जाऊन चुकले होते आणि त्यातून निघालेलं प्लास्टिक गावात पोचलं होतं. आमच्या यार्डातला फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण त्याच गावचा. तो म्हणाला, "बू (म्हणजे बाई), तुम्हाला हवंय ते आमच्या गल्लीत आहे. फक्त लवकर चला, विकलं जाईल."

गावात शिरल्यावर आधी घरं दिसतात. पक्की, लाल कौलांची, पुढे फरशी, खिडकीला रंगीत काच. झोपडपट्टी शोधायला येणाऱ्याची निराशाच होईल. मग घरांच्या मागे आणि बाजूला ढीग दिसतात, काही छपरापर्यंत पोचलेले. ढिगांच्या पायथ्याशी निळ्या ताडपत्रीच्या सावलीत बायका बुटक्या लाकडी पाटांवर बसलेल्या. डोक्याला फडकं, तोंडावर फडकं, हातात वाकडी आकडी. मी कशासाठी आले ते फोर्कलिफ्टवाल्याने जावानीजमध्ये सांगितलं. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे म्बाह म्हणजे आजी म्हणत, मला पाट दिला आणि विचारलं, "कुठला माल? अमेरिकेचा की ऑस्ट्रेलियाचा?"

मी चकित झाले. आमच्या कागदपत्रांवर जो माल मिश्र रद्दी या एका नावाखाली नोंदलेला होता, तो इथे देशावार ओळखला जात होता. म्बाहंना इंग्रजी येत नाही, पण कुठल्या दुकानाची पिशवी कुठल्या देशाच्या ढिगात येते ते ठाऊक. कुठल्या ढिगात ॲल्युमिनियमचे डबे जास्त, कुठल्यात नुसती पातळ पिशवी, कुठल्यात ओला घाणेरडा कचरा, त्यावरून ट्रकची किंमत ठरे. तासाभरात त्यांनी मला पत्ते छापलेली पाकिटं, किराणा दुकानांची लेबलं, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या असं सगळं वेगळं करून दिलं. भरपाईच्या दाव्याला तो पुरावा पुरला. मिलमधल्या बैठकीत कुणी विचारलं नाही की हे कुणी निवडलं.

त्यानंतर मी तिथे वरचेवर जात राहिले. कामाचं निमित्त कधी असे, कधी नसे.

म्बाहंचं काम बघण्यासारखं होतं. डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून त्या कानाने निवडत. वेफर्सच्या पाकिटासारखं प्लास्टिक हातात चुरगळलं की कडकडतं. ब्रेडच्या पिशवीचं मऊ राहतं, आवाजच करत नाही. बाजारहाटाची पातळ पिशवी सळसळते. तिला तिथे क्रेसेक म्हणतात. कडक तुकडा असेल आणि शंका असेल तर शेजारच्या बादलीत टाकायचा. पाण्यावर तरंगला तर एका पोत्यात, बुडाला तर दुसऱ्या. बुडणाऱ्यांतही पाण्याची बाटली चांगली आणि पाइपाचा तुकडा वाईट, आणि तो वाईट तुकडा चुकून चांगल्यात गेला तर घेणारा व्यापारी पूर्ण पोतं परत करतो. आमच्या प्रयोगशाळेत हेच ओळखायला अवरक्त किरणांचं यंत्र होतं. त्याला नमुना स्वच्छ आणि कोरडा लागायचा. म्बाहंना तशी काही अडचण नव्हती.

एका ट्रकमधून काय काय निघतं ते ऐकण्यासारखं आहे. आधी तार आणि डबे. त्याला लगेच भाव. मग बाटल्या. मग जाड प्लास्टिक, मग पातळ पिशव्या, धुऊन वाळवून. ओला कागद निघाला तर तो वाळवून पुन्हा पुठ्ठ्याच्या मिलला. कधीकधी परदेशी नोटाही निघत, डॉलर, युरो. बाहेरच्या पत्रकारांना ही गोष्ट फार आवडे. गावातले लोक ती रंगवून सांगत आणि एकमेकांकडे बघून हसत, कारण नोटांवर कुणाचं घर चालत नव्हतं. घर पिशव्यांवर चालत होतं.

ट्रक विकत घ्यायला रोख लागते आणि माल विकून पैसे यायला आठवडे लागतात. मधली सोय भिशीने व्हायची. तिथे अरिसान म्हणतात. दर महिन्याला बायका जमतात, पैसे गोळा होतात, चिठ्ठी निघते, खाणं होतं, गप्पा होतात. चिठ्ठी निघालेली बाई ट्रक घेते. मोठे व्यापारी आगाऊ पैसे देतात, पण मग माल त्यांनाच त्यांच्या भावाने द्यावा लागतो, हे बायकांना पक्कं ठाऊक. म्हणून भिशी. मी अकोल्याला आईच्या भिशीत ज्या कुरबुरी ऐकल्या त्याच इथे ऐकल्या, कोण वेळेवर देत नाही आणि कुणाच्या घरचं खाणं बरं नव्हतं.

हा पैसा कुठे गेला ते गावात दिसतं. फरशी, मोटरसायकल, मुलांच्या फिया. काहींनी हजची नोंदणी केलेली. पूर्व जावात त्या काळी हजची रांग तीस वर्षांच्या आसपास होती, तेव्हा नोंदणीचे पैसे भरणारी माणसं जवळजवळ पुढच्या पिढीच्या हिशेबाने भरत. पण नाव लागलेलं असणं हीच मोठी गोष्ट. एका घरी मुलगी मलांगला विद्यापीठात शिकत होती. तिच्या आईने मला ढिगावर बसूनच सांगितलं, "ही तिसऱ्या सत्राची फी," आणि समोरच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

औद्योगिक शहराजवळच्या गावात माणसं कारखान्यात का जात नाहीत, असं कुणालाही वाटेल. जातात की. बांगुनच्या तरुणांतले बरेच न्गोरोत किंवा सिदोआर्जोकडे कामाला. २०१९ मध्ये मोजोकर्तो जिल्ह्याचं किमान वेतन महिना ३८ लाख ५१ हजार रुपिया होतं. लाख ऐकून दचकू नका. आपल्या पैशात एकोणीस हजारांच्या आसपास. पूर्व जावाच्या अंतर्भागातल्या जिल्ह्यांत याच्या निम्मंच मिळे, म्हणून इथे नोकरी मिळवायला लांबून लांबून पोरं येतात.

पण कारखान्याच्या फाटकावर लावलेली जाहिरात वाचा. वय १८ ते २५. बारावी पास. बऱ्याचदा अविवाहित, कधी उंचीचीही अट. काम जोडणीचं किंवा पॅकिंगचं, त्याला पंचविशीच का लागते हे कुणी सांगत नाही. सांगायची गरजही नसते, कारण फाटकाबाहेर रांग असते. घेतलं तरी करारावर घेतात, करार संपला की पुन्हा अर्ज, आणि तेव्हा वय सव्वीस झालेलं. म्हणजे गावातली मुलगी शाळा संपवून सहा-सात वर्षं कारखान्यात राहते, लग्न होतं, मूल होतं आणि तिशी गाठायच्या आत त्या फाटकाला ती नको असते. शेती करावी तर जमीन थोडी; त्यातली चांगली सरपंचाकडे आणि गावच्या इतर कारभाऱ्यांकडे, पगाराऐवजी मिळणारी म्हणून. भाताची लावणी, कापणी एवढाच रोजगार. मग घरामागच्या ढिगावर पाट टाकून बसायचं. तिथे वय कुणी विचारत नाही. म्बाहही बसतात, चाळिशीची विधवाही बसते, पायाने अधू असलेला माणूसही बसतो. शाळेतून आलेलं पोरगंही बसतं, आणि ते मला कधीच बरं वाटलं नाही.

माझ्या मते बांगुनबद्दल लिहिणाऱ्यांच्या हातून ही गोष्ट निसटते. परदेशी कचरा गावावर लादला हे खरं आहे. पण त्या कचऱ्याने त्या माणसांना काम दिलं ज्यांना जवळच्या शंभर कारखान्यांनी दिलं नव्हतं, हेही तितकंच खरं. २०१९ मध्ये हे दोन्ही एकदम अंगावर आलं.

त्या वर्षी जूनमध्ये सुराबायाच्या बंदरातून अमेरिकेचे पाच कंटेनर परत पाठवले गेले. कागदाची रद्दी म्हणून आलेल्या मालात डायपर आणि प्लास्टिक निघालं होतं. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाचे आठ कंटेनर, २१० टन. वर्तमानपत्रांत फोटो, टीव्हीवर अधिकारी. बंदरावरची तपासणी कडक झाली, कंटेनर अडकून पडू लागले आणि मिलमधून गावाकडे जाणारे ट्रक कमी झाले. यार्डात बसून मला हे चांगलं वाटत होतं; वर्षभर मी ज्या मालाविरुद्ध अहवाल लिहीत होते तो अखेर कुणीतरी अडवला होता. गावात मात्र लोक संतापले. आयात बंद करू नका, असं बांगुनकरांनी उघडपणे सांगितलं. शहरातल्या काही ओळखीच्या लोकांना ते अडाणीपणाचं वाटलं. मला ज्यांनी हे ऐकवलं त्यांच्यापैकी कुणाच्या घरी वर्षाची फी पोत्यात भरलेली नव्हती.

पण गावाची बाजू घेताना ट्रोपोडोकडे पाठ फिरवता येत नाही.

म्बाह आणि त्यांच्याबरोबरच्या बायका सगळं निवडून झाल्यावर काही उरतंच. थर-थर चिकटवलेली पाकिटं, माती लागलेल्या चिंध्या, फाटके तुकडे. त्याला कुणी व्यापारी नाही. ते ट्रकमध्ये भरलं जातं आणि जळण म्हणून विकलं जातं. चुनाभट्ट्यांना, आणि सिदोआर्जोतल्या क्रियानजवळच्या ट्रोपोडो गावाला. ट्रोपोडोत घरोघर टोफूचे कारखाने. तिथे त्याला ताहू म्हणतात आणि तो गरिबाच्या ताटातला रोजचा पदार्थ आहे, स्वस्त, पोटभरीचा. सोयाबीन भिजवायचं, दळायचं, वाफेवर उकळायचं, कापडातून गाळायचं, आंबट पाण्याने फाडायचं आणि चौकटीत दाबायचं. वाफेसाठी बॉयलर. बॉयलरला पूर्वी लाकूड लागे. प्लास्टिक लाकडापेक्षा कितीतरी स्वस्त आणि आच जास्त. मी गेले तेव्हा एका कारखान्यात तरुण मुलगा फावड्याने रंगीत चिंध्या आत ढकलत होता आणि दोन हात अंतरावर त्याचे वडील पांढऱ्याशुभ्र वड्या कापत होते. धुराड्यातून काळा धूर सरळ वर जात नव्हता, छपरावर लोळत होता. इंडोनेशियातलं बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून येतं. ज्या देशाचं धान्य त्याच देशाचं जळण, एवढा पूर्ण व्यवहार आमच्या मिलच्याही कुणाला जमला नसता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये काही पर्यावरण संघटनांनी ट्रोपोडोतल्या गावठी कोंबड्यांची अंडी तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यातली एक संघटना ग्रेसिकची एकोटोन. तिचे प्रिगी अरिसांदी यांना सुराबाया नदीवरच्या कामासाठी २०११चा गोल्डमन पुरस्कार मिळाला आहे. अंड्यातल्या चरबीत दर ग्रॅमला सुमारे २०० पिकोग्रॅम डायॉक्सिन हे विष सापडलं. युरोपात विक्रीची मर्यादा अडीच पिकोग्रॅम आहे. आशियात याहून जास्त आकडा फक्त व्हिएतनाममधल्या बिएन होआ इथे नोंदला गेला होता, जिथे अमेरिकी सैन्याने डायॉक्सिन असलेलं एजंट ऑरेंज साठवलं होतं. कारण गुंतागुंतीचं नाही. क्लोरीन असलेलं प्लास्टिक कमी आचेवर अर्धवट जळलं की डायॉक्सिन तयार होतं, राखेतून आणि धुरातून जमिनीवर बसतं, कोंबडी माती टोचते आणि ते अंड्यात उतरतं. म्हणजे बादलीत बुडालेला तो वाईट पाइपाचा तुकडा. तो चांगल्या पोत्यातून काढून टाकण्यात म्बाहंची हुशारी होती आणि काढल्यावर तो जाणार होता तो इथेच.

ट्रोपोडोच्या माणसाला मी धुराबद्दल विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, "बू, गॅसवर केला तर वडी महाग होईल, महाग झाली तर तुम्हीच घेणार नाही." मी घेतली असती. पण मी त्याचं गिऱ्हाईक नव्हतेच. त्याचं गिऱ्हाईक सुराबायाच्या फुटपाथवर तळलेल्या ताहूचं ताहू तेक खाणारा हमाल होता.

ही गोष्ट फक्त जावाची असती तर मी तिला जावाची म्हणून सोडून दिलं असतं. पण उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरला पेपर मिल आहेत, आयात रद्दीतून निघणारं प्लास्टिक आहे आणि शेजारी गुळाची गुऱ्हाळं आहेत. तिथल्या भट्ट्यांत काय जळतं याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. रद्दीवर चालणाऱ्या मिलमध्ये नोकरी केलेल्या कुणालाही या बातम्यांचं नवल वाटत नाही. चाळणीवर अडकलेलं प्लास्टिक कुठेतरी जाणारच, आणि ते बहुतेक त्या परिसरात सगळ्यात स्वस्त जे काही शिजतं त्याच्या चुलीत जातं.

पुढे इंडोनेशियाने नियम केला की रद्दीच्या गठ्ठ्यात परकी वस्तू दोन टक्क्यांहून जास्त नसाव्यात. ऐकायला फार कडक. माझ्या यार्डातल्या सवयीने मी हिशेब करते. एक टन गठ्ठ्याला दोन टक्के म्हणजे वीस किलो. बाजारहाटाची पातळ पिशवी पाच-सहा ग्रॅमची. म्हणजे टनाला साडेतीन हजार पिशव्या, आणि तरी माल नियमात. एका कंटेनरमध्ये पंचवीस टन माल असला तर अर्धा टन प्लास्टिक कायदेशीरपणे गावात पोचतं. प्लास्टिक हलकं असतं आणि नियम वजनात मोजतो. १ जानेवारी २०२५ पासून प्लास्टिकच्या भंगाराची आयातच थांबवण्यात आली, पण कागदाची रद्दी येतेच, मिल त्यावरच चालतात. चाळणी आहे तोवर चाळणीवर अडकणारंही आहे. माझं मत विचाराल तर निवड पाठवणाऱ्या देशात व्हायला हवी, तिथल्या पगारात, तिथल्या हातमोज्यांत. मिलने हे खरेदीच्या भावातच धरायला हवं. मी हे मिलमध्ये बोललेही होते. खरेदी खात्याने भाव दाखवला आणि विषय तिथेच राहिला.

महामारीनंतर मी भारतात परत आले. बांगुनमधल्या एका मुलीशी अजून बोलणं होतं. ज्या बाईने मला पोत्यात फी दाखवली होती तिची ती मुलगी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिने सिदोआर्जोतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत करारावर काम केलं. करार संपला, मधे लग्न आणि बाळ झालं, आणि आता ती अठ्ठावीसची आहे. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तिने अर्ज केला होता, मी तिला शिफारसपत्र लिहून दिलं. वयाच्या अटीवर अर्ज परत आला. दरम्यान ती आईबरोबर ढिगावर बसते. तिथेही ती वही ठेवते, कुठल्या ट्रकमधून किती काय निघालं. ती वही मी पाहिली आहे. यार्डात आमच्या नोंदी इतक्या नीट नव्हत्या.

मे २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या मनुष्यबळ मंत्रालयाने परिपत्रक काढलं की नोकरभरतीत वयावरून भेदभाव करू नये. कामाच्या स्वरूपाला गरज असेल तेवढाच अपवाद. पूर्व जावा प्रांतानेही तसंच पत्रक काढलं. मी बातमी वाचली आणि लगेच तिला पाठवली. ती म्हणाली, "वाचलं, बू. कायदा नाही ना हा, परिपत्रक आहे. आणि अपवाद दिलाय, त्या अपवादात सगळे बसतील." मग तिने न्गोरोतल्या एका कारखान्याची त्याच आठवड्यातली जाहिरात पाठवली. वयाचा रकाना खरोखरच काढून टाकला होता. त्याच्या जागी लिहिलं होतं, बारावीचं वर्ष २०२२ किंवा त्यानंतरचं असावं.

तिने तरीही अर्ज केलाय. शिफारसपत्रावरची तारीख बदलून मागितली, ती मी बदलून दिली.